काकाचा सिद्ध हात

माझा काका भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. असा वाजवायचा, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा. एका जयंतीला मारेगावच्या मंडळानं त्याला शाल आणि काचेत मढवलेलं सन्मानपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'सिद्धहस्त ढोलकीवादक'.

मी तेव्हा नुकतीच गावच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "सिद्धहस्त म्हंजे काय वं, मॅडम?"

मी ऐटीत सांगितलं, "ज्याचा हात सिद्ध झाला, तो." 'कलेत' हा शब्द तेवढा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती फुगलेली बकरी घेऊन दारात हजर. "भाऊ, जरा हात ठेवा हिच्यावर."

"अवो बाई, मी ढोलकी वाजवतो. आमी असलं काही मानत नाही."

पण बकरी फारच केविलवाणी पाहत होती. काकानं तिच्या पोटावर दोन-चार थापा मारल्या. सवयीनं त्या ठेक्यातच पडल्या. बकरीनं असा काही वारा सोडला, की काकू पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. बकरी चालत घरी गेली आणि बातमी पळत गावभर.

त्या वर्षी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, गुलाबी बोंडअळी पडली होती. फवारून फवारून लोक हरले होते. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक शेतकरी आला. "काका, अळ्या समदं खाऊन राह्यल्या. एक डाव हात फिरवा."

नाही नाही म्हणत काका गेला. चूक माझी, म्हणून मीही गेले. काकानं गंभीर तोंड करून दोन ओळींवरून हात फिरवला. बोंड फोडून पाहिलं, तर अळी आत मजेत.

"नुसता हात नाही चालत," शेतकरी म्हणाला. "बकरीले तुमी वाजवलं होतं."

मग ढोलकी आणवली. काका वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून अर्धा तास वाजवत होता. आजूबाजूच्या वावरांतले लोक जमले. तांड्यावरच्या एका म्हातारीनं गोरबोलीत गाणं धरलं. शेतकऱ्यानं पाठीवरचा पंप उतरवला आणि नाचायला लागला. नाचता नाचता त्यानं पऱ्हाटीची अख्खी ओळ तुडवली.

"ह्या ओळीतल्या तं मेल्या!" तो धापा टाकत म्हणाला.

पुढे बरेच दिवस लोक येत राहिले. कोणाची मान लचकलेली, कोणाची मोटर बंद. काकू दारातूनच सांगायची, "हात मारेगावले गेला. परवा येते."