बदलापूरच्या दर्याला नारळ

बदलापूरला समुद्र नाही, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या कैलासला नव्हतं. अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळता सांभाळता टक्कल पडलं, आणि मग या गृहस्थानं हॉलमध्ये समुद्र भरायला घेतला.

मी त्याची मोठी बहीण, मीनल. राहते अंबरनाथला, म्हणजे हे वेड मला एका स्टेशनावरून बघावं लागलं. काचेची ती भली मोठी पेटी त्यानं उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्याकडून आणली. त्याला दुकानात शोभा हवी होती, चार महिन्यांत कंटाळला आणि "ले जा भाई, जगह खाली कर" म्हणाला. आमचा शहाणा टेम्पो करून घेऊन आला. बरं, साधं पाणी चालत नाही हं! आधी फिल्टर करायचं, मग त्यात कसलं तरी खास मीठ विरघळवायचं. बिल्डिंगला पाणी एक दिवसाआड, खाली बायका टँकरपाशी भांडतायत, आणि हा बाथरूममध्ये उकिडवा बसून चांगलं पाणी खारट करतोय. तेजस्वीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आधी भांडी आदळली, मग नाद सोडला.

मासे थोडेच. बाकी सगळं कोरल. मला ते दगडावर उगवलेल्या कोबीसारखं दिसायचं. तर म्हणे, "ताई, जिवंत आहेत ते. पाणी हलत राहिलं तरच जगतात." म्हणून एक मोटर रात्रंदिवस पाणी ढवळत बसायची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर माणसांचा पंखा बंद आणि मोटर चालू. पाहुणे घामानं भिजतायत आणि कोबीची बडदास्त! मी तोंडावर म्हटलंय त्याला, "तुझी अक्कल कुठं गहाण पडलीय रे?" तो नुसता हसायचा.

पण खरं सांगू? नोकरी बाबांनी चिकटवून दिली, मुलगी आत्यानं पाहिली, फ्लॅट माझ्या नवऱ्यानं, राजेंद्रनं, शोधून दिला. या माणसानं आयुष्यात स्वतःच्या मनानं केलेली गोष्ट एकच, ती पेटी. कामावरून आला की चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचा आणि तेवढा वेळ तो कुणाचं ऐकायचा नाही.

आता विठाआत्या. आई गेली तेव्हा कैलास रांगत होता. आत्या वांगणीला आमच्या घरी आली ती आम्हाला वाढवायलाच. तिचा नवरा मुरूडकडच्या एका गलबतावर खलाशी होता. एका वादळात गलबत गेलं, माणसं गेली, कुणी परत आलं नाही. तेव्हापासून ती दर्याचं नाव काढलं की हात जोडते. गुडघे दुखतात म्हणून यंदा आषाढापासून ती कैलासकडे होती, आणि पहिल्या दिवसापासून त्या पेटीकडे बघून धसकलेली. "घरात दर्या आणून ठेवलास बाबा, त्याला काय द्याया नको?" असं रोज. कैलास हसून म्हणायचा, "दे की काय ते." अरे मूर्खा, म्हाताऱ्या माणसाला असं मोघम सांगतात का कुणी?

नारळी पौर्णिमा आली. त्याच दिवशी राखी. तेजस्वी सकाळीच भावाकडे कल्याणला गेली, कैलास माझ्याकडे जेवायला आला. घरी आत्या एकटी. संध्याकाळी मी नारळीभाताचा डबा घेऊन त्याच्याबरोबर बदलापूरला गेले.

आत्यानं दार उघडलं. चेहरा असा उजळलेला, की मला आधी बरंच वाटलं. "बघ कैलास," ती म्हणाली, "कसा शांत केला तुझा दर्या."

मोटर बंद होती. पाणी ताकासारखं पांढरं. वर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, हळदकुंकवाचा थर, झेंडूच्या पाकळ्या. पौर्णिमेला नारळ दिला की दर्या निवतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. हा काही निवेना, खळखळतोच आहे, म्हणून बिचारीनं सकाळीच बटण बंद केलं होतं. आणि वरून पातेलंभर दूध ओतलं होतं. मासे कडेला आडवे पडले होते. कोरलवर बुळबुळीत साय धरली होती आणि वास सुटला होता. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला वाटलं, मासे झोपलेत.

माझं तोंड उघडलं होतं. कैलासनं दोन्ही हातांनी नारळ उचलला, पुसला, देवापुढे ठेवला. मग मोटर लावली. काही उपयोग नव्हता, ते त्यालाही कळत होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, आत्याला भात वाढ."

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली, मयताला येतात तशी. खऱ्या मयताला निदान गप्प तरी बसतात! सेक्रेटरी म्हणाला, चला, स्लॅबवरचा लोड कमी झाला. समोरची मोतीबाई म्हणाली, हॉलच्या या कोपऱ्यात पाणी नकोच होतं. माझा नवरा म्हणजे तर कळस. "मासेच होते ना यार, उल्हासनगरला पिशवीत घालून मिळतात." याला पिशवीत घालून कुठं तरी सोडून यावं असं मला वाटलं. कैलास सगळ्यांना चहा देत होता.

आणि त्या गर्दीतच आत्यानं विचारलं. तिला मासे मेलेत हे कळलं होतं, रात्रभर ती झोपली नव्हती. "कैलास, मी मोटर बंद केली, दूध घातलं, त्यानं तर नाय ना रे झालं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी तर बघतच होते.

"छे गं," तो म्हणाला. "त्यांचं औषध संपलं होतं. मीच आणायला विसरलो."

मग काय! आत्याचा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. "जित्या जिवांना पाळतोस आणि औषध विसरतोस? लहानपणापासून असाच वेंधळा!" येईल त्याला ती हेच सांगत राहिली. हा मान खाली घालून ऐकत होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दिवाळीपर्यंत पेटी कोरडीच होती. भाऊबीजेला मी त्याला गॅलरीत गाठलं. "परत लाव ना रे. तेजस्वीला मी समजावते."

"नको ताई. लावली तर पुढच्या पुनवेला ती नारळ घेऊन उभी राहील. तिला अडवावं लागेल. ती विचारेल, का? मग ओळखेलच, आत्या काय खुळी आहे का?"

गाढव कुठला. मी फटकन बोलले, "ऐंशी पार केलीय तिनं. तिच्या मागून लाव मग."

कैलास माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाला, "रिकामी पेटी घरात ठेवून मी तिच्या मरणाची वाट बघत बसू?"

त्याच आठवड्यात त्यानं पेटी देऊन टाकली. मी तिथंच होते. माणसं पेटी घेऊन जिना उतरली तशी आत्या म्हणाली, "बरं केलंस. तुला झेपणारं नव्हतंच ते."

"हो गं आत्या," कैलास म्हणाला, आणि तिच्या गुडघ्याला तेल लावायला बसला.

मी आत गेले आणि ओट्याला धरून रडले.