मधुमती मावशीने वाजवलेली घंटा

आमच्या मधुमती मावशीचा हात आधी चालतो, डोकं मागाहून येतं. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात मिडवाइफ होती तेव्हा हा गुण कामी आला. रिटायर होऊन यॉर्कशरच्या एका खेड्यात घर घेतलं, तिथे तो नडला. काका गेल्यावर तिला एवढंच हवं होतं, की गावाने आपल्याला आपलं म्हणावं, कुणीतरी चहाला बोलवावं.

पहिल्याच महिन्यात ती गावचं चर्च बघायला गेली. दाराशी घंटेचा दोर लोंबत होता. चपला काढायच्या तेवढ्या राहिल्या. हिने देवळात शिरल्यासारखा दोर ओढला आणि हात जोडले.

ती घंटा साडेचारशे वर्षं कुणी वाजवली नव्हती.

चर्चची देखभाल करणारा म्हातारा सायमन धावत आला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात उत्तरेतल्या कॅथलिक सरदारांनी प्रोटेस्टंट राणीविरुद्ध बंड केलं, हे त्याने तिला रागारागाने सांगितलं. सरदारांच्या हुकमावरून घंटा वाजली, गाव जमलं आणि थोड्याच दिवसांत बंड फसलं. सरदार घोड्यांवर बसून स्कॉटलंडात पळाले. फासावर गेली ती गावातली सहा माणसं. त्यांना चर्चच्या आवारात पुरूही दिलं नाही. घंटा वाजवणारा सायमनच्याच घराण्यातला होता. तेव्हापासून त्या दोराला हात लावायचा नाही, असा गावचा रिवाज.

"चोर सोडून संन्याशाला फाशी गं, ईशिता," मावशी फोनवर म्हणाली आणि रडली. मला मात्र रागच आला. एवढं होतं तर एक पाटी लावायला काय झालं होतं? पण जे सगळ्या गावाला ठाऊक असतं त्याची पाटी कोण लावणार? त्यानंतर दुकानात लोक तिच्याशी फक्त हवेबद्दल बोलू लागले.

शेवटी ती शंकरपाळ्यांचा डबा घेऊन सायमनकडे गेली. का वाजवलीस, असं त्याने दारातच विचारलं. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवतात, मी आलेय हे देवाला कळावं म्हणून, एवढंच तिने सांगितलं. त्याने डबा घेतला आणि दार लावलं.

जानेवारीत त्या सहा जणांची नावं चर्चमध्ये वाचतात. जाऊ नकोस, असं मी तिला बजावलं होतं. ती गेलीच, आणि तिच्याकडे राहायला आलेल्या मलाही नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं. सॅली नावाच्या पाद्रीणबाईंनी वाचायला कागद उघडला, तेवढ्यात सायमन उठून आमच्यापाशी आला.

"ते अजून बाहेरच आहेत," तो मावशीला म्हणाला. "आत आलेत, असं देवाला कळव."

मावशी दोरापाशी गेली. एकेक नाव झालं की ती एकदा दोर ओढायची. आवाज बसका होता. सहावं नाव सायमनच्या घराण्यातलं. मावशीने दोर त्याच्या हातात दिला.

त्याला जमेना. मग तिने त्याच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून ओढला.

बाहेर पडताना त्याने तिला डबा परत दिला. रिकामा. आणि म्हणाला, चहा माझ्याकडे.