सरकारी कायदा आणि आमचं कपाट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, राज्याच्या विधिमंडळानं एकदा खास आमच्या गावासाठी एक कायदा केला होता. त्यात आमच्या गावाचं नाव नव्हतं, ही छपाईतली किरकोळ चूक. सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता द्यायची आणि मान्यता मिळालेल्यांना दरसाल अनुदान द्यायचं, असा तो कायदा. साठीचं दशक सरत आलं होतं. शहाद्यापासून बैलगाडीच्या अंतरावर, तापीकाठच्या आमच्या गावात एक वाचनालय होतं आणि मी त्याचा चिटणीस होतो. वाचनालय म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि मी. दिवसा मी प्राथमिक शाळेत मास्तर, संध्याकाळी ग्रंथपाल. गावानं ही दोन्ही सोंगं गोड मानून घेतली होती.

खोली मात्र आमची नव्हती. ती गावातल्या एका गुजर शेतकऱ्यानं, आम्ही सगळे ज्यांना आबा म्हणायचो त्यांनी, वापरायला दिली होती. कायद्याची बातमी घेऊन मी नाचत त्यांच्याकडे गेलो, तर ते सुपारी कातरत म्हणाले, ‘‘मास्तर, सरकारनी मान्यता दिधी तं खोली तुमनी. नही तं दिवाईले तठे मन्हा कापूस.’’

कापसाशी स्पर्धा म्हणजे काय, हे खानदेशात सांगावं लागत नाही. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की धुळ्याहून अधिकारी तपासणीला येतील.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. घरी मोठा पाहुणा येणार असला, की उसनी दिलेली भांडी आठवून आठवून परत आणायची, चिंचेनं घासायची आणि फळीवर ओळीनं मांडायची. पाहुण्याला घर भरलेलं दिसलं पाहिजे. मी याच मातीतला. तपासणीच्या तीन दिवस आधी घरोघर फिरून मी एकूण एक पुस्तक गोळा केलं.

सगळ्यात कठीण गेलं ते एका मावशीकडून. ही बाई माहेरी चौथी पास झालेली, आवाज खणखणीत. मे महिन्यात पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला गल्लीतल्या बाया तिच्या ओट्यावर जमत. त्या शेंगा फोडत आणि ही वाचून दाखवी. एकेका पुस्तकाला वीस-पंचवीस बाया. मी गेलो तेव्हा एक जाडजूड कादंबरी निम्म्यावर आली होती; तिच्यातली पोर नुकतीच भर रात्री घराबाहेर पडली होती.

‘‘मास्तर, आजना दिन ठेवू द्या,’’ ती म्हणाली.

‘‘सरकारी काम शे, मावशी.’’

‘‘सरकारले आजच वाचनं शे का?’’

बायांत हशा पिकला. मी पुस्तक काखेत मारून निघालो.

मग दोन दिवस मी जी सफाई केली, तशी लग्नाच्या मांडवातही होत नाही. पानापानांतली शेंगांची फोलपटं झटकली. हळदीची बोटं ओल्या फडक्यानं पुसली. खुणेला दुमडलेले कोपरे सरळ केले, वर तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवली. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर चढवलं. देवघेवीच्या वहीत सगळ्यांच्या नावापुढे ‘परत’ लिहून टाकलं. कपाट उघडलं की माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटायचं.

साहेब आले. बारीक अंगाचे, मितभाषी, उन्हानं लाल झालेले. आबांनी ताक दिलं आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. कापसाच्या वतीनं, असं मला वाटलं. साहेबांनी कपाट पाहिलं. एक पुस्तक काढलं, चाळलं. दुसरं काढलं.

‘‘सगळी पुस्तकं इथंच आहेत?’’

‘‘एकही बाहेर नाही, साहेब,’’ मी छाती फुगवून म्हणालो.

‘‘एकही नाही.’’ त्यांनी वही उघडली. ‘‘आणि वाचक मोजून नऊ.’’

‘‘नऊ जण नेतात, साहेब. बाकीचे ऐकतात.’’

‘‘ऐकणाऱ्यांचा रकाना नाही,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘गुरुजी, मी पुष्कळ वाचनालयं पाहिली. पुस्तकं इतकी कोरी फक्त दुकानात असतात. कायदा वाचनालयाला पैसे देतो, कपाटाला नाही.’’

त्यांनी टाक काढला आणि शेरा लिहायला घेतला. मी ‘‘साहेब, फोलपटं होती हो, मीच झटकली,’’ असं काहीसं पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे ऊन लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. आबा खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मापू लागले.

तेवढ्यात दारात गलका झाला. मावशी पुढे, मागे गल्लीतल्या सगळ्या बाया, कमरेला शेंगांच्या टोपल्या. आबांना पाहून त्यांनी पदर डोक्यावर ओढले, पण पाय मागे घेतले नाहीत. आबांनी खुर्ची सरकवून वाट दिली. त्यांची बायकोही त्या घोळक्यात होती.

‘‘काय काम आहे, बाई?’’ साहेबांनी विचारलं.

मावशीनं जे उत्तर दिलं, त्यानंतर साहेब टाक खाली ठेवून डोळे पुसेपर्यंत हसले. लिहिलेला शेरा त्यांनी खोडला, ओट्यावर जाऊन तासभर शेंगा फोडत कादंबरी ऐकली आणि नवा शेरा तिथंच, मांडीवर कागद ठेवून लिहिला. मान्यता आली, अनुदान सुरू झालं, आबांचा कापूस त्या दिवाळीला दुसरीकडे गेला. सत्कारात हार माझ्या गळ्यात पडला आणि मी तो निर्लज्जपणे घालून घेतला. पण कायद्याच्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त काम केलं ते मावशीनं भर तपासणीत, साहेबांच्या तोंडावर म्हटलेल्या या वाक्यानं:

‘‘साहेब, तुमना कायदा राहू द्या, पहिले आमनं पुस्तक द्या; ती पोर तीन दिनपाईन विहीरना काठवर उभी शे.’’