बैलाची खांदशेकनी अन् माही विहीर

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट हाय, दुसरी मोठी लढाई चालू होती तवाची. आमच्या घरचे, म्हंजे माहा नवरा, गोठ्यात बैलाची खांदशेकनी करून राह्यले होते... गरम तूप-हळद खांद्याले चोळत अन् बैलाच्या कानाशी म्हनत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी पोरीले कडेवर घेऊन भिताडाले टेकून उभी होती, अन् माहा जीव जळून राह्यला होता.

वर्षभर जू ओढलं म्हनून बैलाचा खांदा शेकते. माह्या अंगाले काय झालं, हे कोनी इचारलं बी नव्हतं.

आमची वाशीमच्या शिवंवर भाजीची बाडी. आमच्यात बाळंतीन बाई विहीर पुजल्याबिगर पान्याले हात लावत नाही, ओझं उचलत नाही. अन् विहीर पुजाची असते सव्वा महिन्यानं.

माही विहीर बाराव्या दिवशीच पुजली... वांगे तोडाले आले होते, टोपलं बजारात न्याले बाई पाहिजे होती. विहिरीले नारळ देल्ला अन् माह्या डोक्शावर टोपलं. देवाची सुटका झाली, घरच्याइची बी झाली.

मंग एका बजाराच्या दिवशी टोपलं उतरवतानी खालून काहीतरी सरकलं. घरी येऊन हात लावला तं मांसाचा गोळा बाहेर... मले वाटलं आतडंच निघालं, आता मी मेली. पोरगी दूध पेत होती. माह्या मांगं हिले कोन पाहीन?

सासूले आमी आत्याबाई म्हनतो. तिले सांगतलं तं ती इकडं तिकडं पाहून म्हने, "कोनाले सांगू नको वं. बाईच्या जातीले असतेच ते."

वैद्याकडं तीच गेली, मले नेलं नाही. तिथं लाजंनं सांगतलं, सुनेचं पोट दुखते. त्यानं जुलाबाची पुडी देल्ली. कुंथून कुंथून गोळा अजूनच खाली आला... न पाहता, न इचारता, दुसऱ्याच दुखन्याचं औषध मी गिळत होती.

तर त्या दिवशी गोठ्यात माह्यानं राहवलं नाही. घरच्याइले म्हनलं, "मले दवाखान्यात न्या."

"पोटच तं दुखते न? पुडी संपली काय?"

"पोट नाही दुखत. अंग बाहेर येते माहं. चालता येत नाही, बसता येत नाही."

त्याइचा हात बैलाच्या खांद्यावरच थांबला. दारातून आत्याबाई म्हने, "लाज हाय का नाही वं तुले? मानसापुढं काय बोलून राह्यली?"

घरचे खाली पाहून म्हनले, "उद्या पोळा हाय. बैल जुपता येत नाही. परवा पाहू."

बैलाले सुटी होती. मले नव्हती... सकाळी पोरीले झोळीत बांधलं अन् पायीच निघाली. लोक काय म्हनतीन म्हनून आत्याबाई बडबड करत मांगं मांगं आली.

दवाखान्यात एक नर्सबाई होती, नागपूरकडची. तिनं पडदा लावला, मले निजवलं अन् नीट पाह्यलं. पह्यल्यांदाच कोनीतरी पाह्यलं, बायकांनो.

"मरत नाहीस तू. ही गर्भाची पिशवी आहे, खाली सरकली आहे. बाळंतपणानंतर तिला जागेवर बसायला वेळ लागतो. ओझं किती दिवसांनी उचललंस?"

मी सांगतलं. तिनं आत्याबाईकडं असं पाह्यलं, का आत्याबाईनं मान फिरवली.

जड उचलू नको, कुंथू नको, लघवी रोखून धरते तसं अंग आत ओढत जा, अन् पुन्हा दाखवाले ये, असं तिनं समजावून सांगतलं. म्हने, दुखो का न दुखो, बाळंतपनानंतर हरेक बाईनं तपासून घ्यावं. जास्त खाली आली असन तं रबराची कडी बसवते, तिनं पिशवी वर राह्यते.

मी लुगडं सावरून उठली. तं आत्याबाई उठली, अन् दाराची कडी आतून लावली.

"बाई, ते रबराचं... म्हातारीले बी बसते काय?"

तिनं काष्टा सोडला, तं आतून फडक्याचा एक गोळा निघाला. दाबून दाबून दगडावानी झालेला. नर्सबाईनं हळूच इचारलं, "कधीपासून, मावशी?"

"हिचा नवरा झाला तवापासून."

 हाच गोळा आत दाबून तिनं निंदन-खुरपन केलं, टोपले वाह्यले, लेकरं काढले. अन् मले म्हने, असतेच... तिले बी कोनीतरी असंच म्हनलं असन.

कडी बसवून येतानी ती आंब्याखाली थांबली. पदरानं तोंड पुसून म्हने, "चालाले किती हलकं लागते वं." बस, इतकंच.

पुढच्या साली धाकल्या जावेले पोरगा झाला. बाराव्या दिवशी दीर नारळ घेऊन विहिरीकडं निघाला, मिरच्या तोडाच्या राह्यल्या होत्या. आत्याबाईनं त्याच्या हातचा नारळ घेतला, पदरात बांधला अन् विहिरीच्या पायरीवर जाऊन बसली.

"सव्वा महिन्याबिगर हिची विहीर पुजली जानार नाही. मिरच्या सडल्या तं सडू दे."

दीर म्हने, "माय, येडी झाली काय तू?"

"तुह्या बैलाचं जू सुटते न पोळ्याले? मंग."

मले अजून बी राग येते... इतक्या बाया, इतके वर्ष, अन् सगळ्याइनं पोटच दुखते म्हनून सांगतलं. पन कामाच्या भर येळी आत्याबाई निवांत बसलेली मी त्या दिवशी पह्यल्यांदा पाह्यली. उठली नाही ती, दीर वापस जाईपर्यंत.