चेंबरचा बोल्ट

बोल्ट तुटला तेव्हा फार आवाज झाला नाही. नुसतं ‘टक्’ झालं. पण धनंजय गुरुजींना त्याचा अर्थ लगेच कळला, कारण हातातला पाना एकदम हलका झाला आणि बोल्टचं डोकं त्यांच्या नाकावर पडून अंगणात घरंगळत गेलं.

दोष सर्वस्वी त्यांचाच. त्यांच्या चौऱ्याण्णव सालच्या पांढऱ्या गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग पडायचा. इंजिनच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला सगळे चेंबर म्हणतात. त्याचे बोल्ट ढिले झाले असणार, असं गुरुजींनी ठरवून टाकलं. बावीस वर्षं ते वरठीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि तरफेचा धडा त्यांना तोंडपाठ होता. दांडा लांब, तर जोर कमी. म्हणून त्यांनी पान्याच्या दांड्यावर दोन फुटी नळाचा पाइप चढवला. बोल्ट तुटल्याचं चित्र काही पुस्तकात नव्हतं.

मग रस्ताभर तेलाची रेघ काढत ते खेमराजच्या गॅरेजला पोचले. शटर अर्धं खाली होतं. बाकावर खेमराजची बायको शोभाताई नव्या लुगड्यात, दोन पिशव्या सांभाळत बसली होती आणि खुद्द खेमराज पांढऱ्या सदऱ्यात उभा होता. गेल्या दहा वर्षांत त्याला पांढऱ्या सदऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं. शहाणा माणूस इथूनच मागे फिरला असता.

“अजी गुरुजी, पाचची गाडी हाय माही. पुण्याले चाललो,” खेमराज म्हणाला. “आमच्या पोरीच्या, दामिनीच्या पोराचं बारसं हाय परवा.”

“मग राहू द्या. आल्यावर बघू.”

“आता अकराच वाजले. नुसतं पाहून घेतो.”

“झालं!” शोभाताई पिशवीला म्हणाली. “पाहाले वाकले का उठत नाहीत हे.”

खेमराज सत्तावन्न वर्षांचा, अंगानं काटक, बोलायला कंजूष. नव्या गाड्या त्याच्याकडे येत नाहीत, त्यांना संगणक लागतो. पण आसपासच्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्या त्याच्याच गळ्यात. त्यांच्या बंद पडण्याला वेळकाळ नसतो. दामिनीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एका जीपवाल्यानं त्याला मांडवाबाहेर बोलावून सायलेन्सर ऐकवला होता. पोरगी पुण्याला गेल्यापासून तो पाच वेळा निघाला. पाचही वेळा कोणाचं तरी इंजिन आडवं आलं. दर वेळी तिकीट शोभाताईच रद्द करून आणायची.

खेमराजनं सदरा खिळ्याला लावला, गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॉनेट उघडलं. तेल गळतं कुठून हे शोधायची त्याची स्वतःची तऱ्हा होती. इंजिन डिझेलनं धुवायचं, कोरडं पुसायचं आणि त्यावर डब्यातलं तांदळाचं पीठ भुरभुरायचं. मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. जिथून पीठ ओलं होत खाली उतरतं, तिथे चोर. तुटलेल्या बोल्टच्या जागी त्यानं तात्पुरता चिमटा आवळला आणि चावी फिरवायला सांगितली.

ओली रेघ निघाली ती इंजिनच्या अगदी माथ्यावरून. वरच्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन फाटलं होतं. तेल मागून ओघळून चेंबरवर येत होतं आणि तिथून टपकत होतं.

“वरच्या पोट्ट्यानं खोडी केली,” खेमराज म्हणाला, “अन् तुम्ही खालच्याले बदडलं.”

गुरुजींना हसावं की ओशाळावं कळेना. वर पॅकिंग बदललं की सुटलो, असं त्यांना वाटलं. पण तुटक्या बोल्टचा बुडखा इंजिनच्या ब्लॉकमध्ये अडकला होता, आणि चेंबर उतरवल्याशिवाय तो धरता येत नव्हता. बारा वाजता चेंबर खाली आलं. खेमराज खड्ड्यात उतरला. गुरुजीही बॅटरीचा उजेड धरायला उतरले. वर गाडी, खाली तेलाचा चिखल, अंग वळवायला जागा नाही.

बुडखा गंजून ब्लॉकशी एकजीव झाला होता. खेमराजनं डिझेल चोळलं, थांबला. हलक्या हातानं ठोकलं, थांबला. गॅसच्या बारीक ज्योतीनं तापवून त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. पकडीनं त्यानं केसभर सोडला, पुन्हा तेवढाच आवळला.

“उलटा काहून आवळता?” गुरुजींनी विचारलं.

“एकाच बाजूनं ओढला का आतच तुटते.”

साडेतीनला वरून आवाज आला, “अवो, साडेतीन!”

“हो.”

“मले हो नको, तुम्ही पायजे!”

गुरुजी घाईघाईनं म्हणाले, “खेमराजभाऊ, चेंबर असंच ठेवा. आठ दिवसांनी जोडा. मला गाडीची काही घाई नाही.”

खेमराजनं ज्योत पुन्हा पेटवली. तो का ऐकत नाही, हे गुरुजींना ठाऊक होतं. खेमराजचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. सामान हलवायच्या धांदलीत एका ट्रॅक्टरचं इंजिन उघडं राहिलं होतं. उद्या येऊन जोडू, असं तो मालकाला सांगून आला. उद्याला तिथे पाणी होतं. तेव्हापासून उघडलेलं इंजिन तसंच टाकून तो कुठे गेला नाही. लोकांना ते फार सोयीचं पडलं.

सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. वाजत राहिला.

“दामिनीचा असेल. उचलू का?”

“उचलून काय सांगता?”

गुरुजी बॅटरी धरून उभे राहिले. फोन बंद झाला.

सव्वाचारला शोभाताई उठली. एक पिशवी बाकावरच ठेवली, दुसरी काखेत मारली. खड्ड्याशी येऊन वाकली. तिला गाडीच्या खाली चार पाय तेवढे दिसले असतील.

“तुमचे कपडे ठेवले बाकावर. दुपटं मी नेतो,” ती म्हणाली. “आता सहाव्यांदा तिकीट रद्द कराले मी नाही जाणार.”

ऑटोचा आवाज रेल्वेच्या फाटकाकडे गेला. खेमराजचा हात बुडख्यावरच थांबला होता. मग त्यानं पकड पुन्हा लावली. केसभर सोडला, तेवढाच आवळला. पाचची गाडी वेळेवर आली. एरवी ती कधी येत नाही. तिची शिटी खड्ड्यात स्पष्ट ऐकू आली. तेव्हाही खेमराजनं मान वर केली नाही. तशी ती करायला वर जागाही नव्हती.

बोल्ट निघाला पाच वाजून दहा मिनिटांनी, चार आटे अलगद फिरून, जणू त्याला कोणी अडवलंच नव्हतं. खेमराजनं तो तळहातावर घेऊन पाहिला आणि पत्र्याच्या डब्यात टाकला. नवा बोल्ट लावला, चेंबर बसवलं, वरचं पॅकिंग बदललं, तेल भरलं. खाली कागद अंथरून इंजिन सुरू केलं, तर तो कोरडाच राहिला.

गुरुजींना ते कोरडेपण बघवेना. खिळ्यावर पांढरा सदरा होता, बाकावर पिशवी होती.

“खेमराजभाऊ, फार मोठी चूक झाली माझी,” ते म्हणाले. “यापुढं पान्याला हात लावणार नाही. तुमच्यासाठी काहीही करायला तयार आहे. काय करू, सांगा.”

खेमराजनं कोपरापर्यंतचं तेल चिंध्यांनी सावकाश पुसलं.

“गाडी विका.”