डुकरमावशीची डुकरीण

डुकरमावशीने आयुष्यात गोड शब्द काढला असेल तर तो डुकरांसाठी. आम्हा परळच्या चाळकऱ्यांच्या वाट्याला फक्त शिव्या. चाळीच्या मागच्या भिंतीला लागून तिचं पत्र्याचं खुराडं होतं. आत सात डुकरं, आणि वास मात्र साऱ्या चाळीला. मला ती बाई मुळीच आवडत नसे. मी गिरणीत कारकून, अक्षर बरं. म्हणून खुराडं हटवण्याचा अर्ज मीच लिहिला. सह्या सगळ्यांनी केल्या.

वैशाखात ती नळावर सर्वांच्या आधी उभी. बायका भांडायला लागल्या की म्हणे, "तुमी आंघोळ उद्या करा. डुकराला घाम येत नाय. पाणी नाय मिळालं तर आजच मरंल." मग पत्र्यावर ओली गोणपाटं, जमिनीवर पाणी, खाणं उजाडताना, नाहीतर ऊन उतरल्यावर. भर दुपारी कुणी उष्टं टाकलं तर तेच उचलून त्याच्या दारात भिरकावी. भांडखोर खरी, पण कामात खोट काढायला जागा ठेवत नसे. त्याचाही मला रागच येई.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका हरताळाला ती माहीमला मयतीला गेली होती, तिकडेच अडकली. ट्राम, बस, सगळं बंद. दुपारी मागून घरघर ऐकू आली म्हणून गेलो, तर मोठी डुकरीण तोंड वासून धापा टाकत होती. मुकं जनावर, मला दया आली. पिंपातलं गारढोण पाणी, दोन बादल्या, तिच्या डोक्यावर एकदम ओतलं. ती थरथरली, कोसळली आणि गेली.

मावशी माहीमहून उन्हातून चालत आली. डुकरिणीच्या ओल्या कपाळावर हात ठेवून तिने विचारलं, "कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"तापल्या जनावराचे आधी पाय भिजवायचे असतात. तुमी चाळवाल्यांनी दगड मारले, तवा नाय मेली. दया केली, नि मेली."

चौथ्या दिवशी माझ्या अर्जावरून आरोग्य खात्याचा माणूस आला. "एक मेली म्हणे? रोगाने मेली असेल तर बाकीचीही न्यावी लागतील."

"रोग नव्हता," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. गॅलरीत सारी चाळ उभी होती. बादल्या ओतताना मला पाहिलेले चौघे त्यातच होते. एक वाक्य पुरलं असतं. पण चाळ माझ्यावर खूश होती, आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याच्या आत डुकरं गाडीत चढवून नेली. जाताना मावशी माझ्या दाराशी थांबली. शिवी येणार म्हणून मी मान खाली घातली.

"लिवता येतं तुला, कारकुना," ती म्हणाली. "बोलता येत नाय?"