बरणीतली सरला

हेमराज म्हणजे देवमाणूस, असं पांडेसऱ्याच्या मिलवस्तीत कोणीही सांगेल. सांगोत बापडे! त्यांना कुठं त्याच्या घरात राहायचं होतं?

धुळ्याकडून येऊन छपाईच्या मिलमध्ये साड्या छापायला लागला, त्याला बारा वर्षं झाली होती. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, खंडोबाच्या किड्यांचा. हिरवा, काडीसारखा, पुढचे पाय जोडून देवापुढं उभा असल्यासारखा दिसणारा तो किडा. जवळच उधन्याला रुळांकडेच्या झुडपांतून तो धरून आणायचा आणि काचेच्या बरण्यांत पाळायचा. स्वतः दिवसभर मिलमध्ये. मग त्यांच्या पोटासाठी मोरीतली झुरळं जिवंत धरायची कोणी? बायकोनं, सरलानं.

तेही तिनं मुकाट्यानं केलं. पण शहाण्णवच्या पावसाळ्यात एक दांडगी मादी सापडली, आणि ह्या शहाण्यानं तिचं नाव ठेवलं सरला.

ह्या किड्यांत जोड लागतानाच मादी नराचं मुंडकं खाते. ती गंमत बघायला दर रविवारी मिलमधले निंबा आणि हिलाल यायचे. निंबा चहाचा कप घेता घेता म्हणायचा, "भाभी, आमच्या हेमराजला सांभाळून हां!" सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो हेमराजच. "अरे, सरला नवऱ्यालाही सोडत नाही!" पुढं पुढं नळावरच्या बायकासुद्धा तिला बघून पदराआड हसायला लागल्या.

"नाव तेवढं बदला हो," एकदा तिनं हात जोडले.

"किड्याला राग येत नाही, तुला कसला येतो?"

तीन नर फुकट गेले, चौथा कामी आला. दिवाळीनंतर मादीनं बोरीच्या काडीवर फेसाचं घरटं केलं आणि आठवड्याभरात मेली. घरटं वाळून खारकेसारखं कडक झालं. किडे पाळायला लागल्यापासून दोन वर्षं हेमराज ह्याच दिवसाची वाट बघत होता. मध्ये सरला तीन दिवस तापानं फणफणली, तर कामावरून आल्या आल्या त्यानं विचारलं, "घरट्यावर पाणी शिंपडलंस ना?"

महिन्याभरानं एका सकाळी पिल्लं निघाली. मुंगीएवढी, शंभर-दीडशे तरी असतील. हेमराज नाचायचाच बाकी राहिला. पण बरणीवर मच्छरदाणीचं कापड होतं आणि पिल्लं त्याच्या भोकांतून बाहेर यायला लागली. त्यानं घाईघाईनं पिशवीतून आदल्या दिवशीच छापलेला दाट कापडाचा तुकडा काढला, दुहेरी केला आणि बरणीच्या तोंडावर गच्च बांधला.

सरलाच्या नाकाला लगेच वास आला. छपाईच्या रंगात घासलेट असतं. मिलमध्ये राहून त्याचं नाक मेलं होतं. ती मात्र असले ताजे तुकडे गादीखाली घालायची, आणि सकाळी ढेकूण मरून पडलेले असायचे. त्याला हे कुठून ठाऊक असणार? गादी त्यानं जन्मात कधी उचलली नव्हती.

"अहो, हे कापड..."

"तुला काय कळतं त्यातलं? सरलाची पोरं आहेत ती. हात लावलास तर बघ!"

ती सांगणार होती, अगदी खरोखर. पण ते नाव ऐकलं आणि तिनं तोंड मिटलं.

तो कामावर गेला. पिल्लं काचेवरून वर चढायची आणि टपटप खाली पडायची. ती भाकऱ्या थापता थापता बघत होती. दोनदा उठली. दुसऱ्यांदा गाठ सैलही केली. मग निंबाचा तो चहाचा कप आठवला, आणि तिनं ती पुन्हा आवळली. त्या इवल्या जिवांनी तिचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. हे तिला कळत होतं, रडू येत होतं, आणि बरंही वाटत होतं.

संध्याकाळी हेमराज पिल्लं दाखवायला निंबा-हिलालला घेऊनच आला. हातात कुजकी केळी, पिल्लांसाठी चिलटं धरायला. बरणीच्या तळाला नुसता काळा भुगा पडला होता. त्यानं कापड सोडून नाकाशी धरलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मटकन खाली बसला. बाप्या माणूस, पण ढसाढसा रडला.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

सरलानं चहा गाळला आणि पहिला कप निंबापुढं धरला.

"घ्या भाऊ. हे सांगायचे ना तुम्हाला, सरला कोणाला सोडत नाही म्हणून?"

निंबानं कप हातात घेतला, आत बघितलं आणि न पिताच खाली ठेवला.